सर्व्हर डाऊन म्हणण्याआधी

नंदुरबार जिल्ह्यात खापरला हमरस्त्याच्या कडेला माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, झेरॉक्स, फोटो. दुकान टाकलं तेव्हा माझी संगणकविद्या एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकलो तेवढीच होती. टायपिंग बरं, एक्सेल कामापुरतं. एक वाक्य मात्र पहिल्याच आठवड्यात जिभेवर बसलं आणि चार वर्षं हललं नाही: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

एकदा मोलगीच्या बाजूचे एक बाबा आले. जीपने घाट उतरून, अक्कलकुव्याला गाडी बदलून. त्यांना मी तेच वाक्य ऐकवलं. ते उठले नाहीत. बाकावर बसून राहिले, तंबाखू मळली, मग शांतपणे म्हणाले, "दादा, हा सर्व्हर साहेब आजारी असतो का? तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा पडलेलाच. बसतो कुठे? नंदुरबारला का? मी भेटून येतो."

दुकानात हशा पिकला. मीही हसलो. रात्री शटर ओढताना लक्षात आलं की 'बसतो कुठे' याचं उत्तर मलाही देता आलं नसतं.

पुढचं सगळं त्या प्रश्नाच्या मागे लागून शिकलो. क्रम पुस्तकातला नाही, ठेचा लागल्या तसा आहे.

१. सर्व्हर साहेब नाही, वाढपी आहे

इंग्रजीत 'सर्व्ह' म्हणजे वाढणं. आपल्याकडच्या लग्नातली पंगत आठवा. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. कुणी हात वर करून "इकडे वरण" म्हणालं की वाढपी बादली घेऊन येतो. कुणी मागितलं नाही तर बादली घेऊन उभा राहतो. सर्व्हर हा असाच रात्रंदिवस उभा राहिलेला संगणक. मागणारा तो क्लायंट: माझ्या दुकानातला संगणक, तुमच्या खिशातला मोबाइल.

सर्व्हर ही यंत्राची वेगळी जात आहे असं मला फार दिवस वाटायचं. तसं नाही, ते कामाचं नाव आहे. माझ्या दुकानात कोपऱ्यात एक जुना डबा आहे, त्याला पडदासुद्धा नाही. बाकीच्या दोन संगणकांची छपाई त्याच्यामार्फत होते. म्हणजे तोही सर्व्हरच, छपाईपुरता. खऱ्या मोठ्या सर्व्हरना थंड खोल्या असतात, कपाटांत एकावर एक रचलेले असतात, विजेच्या दोन-दोन वाटा आणि वर जनरेटर. थाट वेगळा, काम तेच: मागितलं की द्यायचं.

मग 'डाऊन' म्हणजे काय? तीन गोष्टी असू शकतात. वाढपी झोपलाय. किंवा वाढपी जागा आहे, पण पानं हजार आणि तो एकटा. किंवा वाढपी बादली घेऊन तयार आहे, पण त्याच्यापर्यंत हाक पोचायची वाटच बंद आहे. जेवायला बसलेल्याला तिन्ही वेळा एकच दिसतं, रिकामं पान. मी तिन्हींना एकच नाव द्यायचो. आता हिशेब मांडतो तेव्हा वाटतं, माझ्याकडे बहुतेक वेळा तिसराच प्रकार असायचा. आणि बंद वाट पुष्कळदा माझ्याच दुकानात असायची.

२. तपास आपल्या उंबऱ्यापासून सुरू करा

हे सांगायला मला अजून लाज वाटते. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होते, दाखल्यांना ही गर्दी. सकाळी दहापासून एकही पान उघडेना. मी नेहमीचं वाक्य लावून दिलं. दिवसभर माणसं येत होती, परत जात होती. त्यात एक बाई कडेवर पोर घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मोठ्या मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याही "बरं" म्हणून गेल्या.

संध्याकाळी शेजारच्या दुकानातला पोरगा आला. त्याने आपल्या मोबाइलवर तीच साइट उघडली. झटकन उघडली.

मी तार हाताने चाचपत गेलो. कपाटामागे उंदराने कुरतडली होती. बोटभर जागा. तेवढ्यासाठी मी सकाळपासून एका बिचाऱ्या सर्व्हरवर आळ घेत होतो.

त्या बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, अर्ज भरला गेला. पण त्यांचं येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मी दिली नाही. द्यायचं सुचलंच नाही, हे जास्त बोचतं.

तेव्हापासून क्रम ठरला. आधी वीज. मग राउटरचे दिवे. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर काचेच्या तारेतून उजेडच येत नाहीये. तार कुठे तरी तुटलीय किंवा दबलीय, आणि तुम्ही कितीही वेळा डबा बंद-चालू करा, फरक पडणार नाही. दिवे ठीक असतील तर दुकानातली तार. तीही ठीक असेल तर दुसरी एखादी साइट उघडून बघायची. ती उघडली तर आपलं नेट चालू आहे. शेवटी मोबाइलच्या डेटावर, म्हणजे पूर्ण वेगळ्या वाटेने, तीच अडलेली साइट. तिकडूनही उघडली नाही, तरच सर्व्हरचं नाव घ्यायचं. सगळं मिळून तीन मिनिटं लागतात.

दुकानातल्या तारेचं डोकं बदलायलाही मी शिकलो. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या पिळाने चार जोड्या. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गोम मधल्या चारांत आहे. हिरव्याची जोडी फुटते आणि निळी तिच्या मधे बसते. सरळमार्गी माणूस हिरव्याशेजारी हिरवा लावतो आणि तार नीट चालत नाही. मी अशी दहा-बारा टोकं वाया घालवली. आणखी एक, ही तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची. एकाने रस्त्यापलीकडच्या गोदामापर्यंत दीडशे मीटर ओढली आणि महिनाभर संगणकाला शिव्या घातल्या.

३. वायफायच्या दांड्या म्हणजे इंटरनेट नव्हे

"वायफाय फुल्ल आहे आणि नेट नाही, असं कसं?" हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो. वायफाय ही तुमचा फोन आणि राउटर यांच्या मधली बिनतारी दोरी. दांड्या पूर्ण दिसतात याचा अर्थ राउटरचं बोलणं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतंय. राउटरलाच बाहेरची बातमी नसेल तर तो तरी काय सांगणार?

डब्यांची नावं एकदाच समजून घ्यावीत. बाहेरून येणारा संकेत संगणकाला कळेल असा करतो तो मोडेम. फायबरवर त्याच्या जागी जो छोटा डबा असतो त्याला ओएनटी म्हणतात. दुकानातल्या दुकानात चार यंत्रं जोडतो तो स्विच. आणि आपलं दुकान व बाहेरचं जग यांच्या नाक्यावर बसून 'हे इकडचं, ते तिकडचं' असं लावून देतो तो राउटर. एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरसारखा. अक्कलकुव्याच्या स्टँडवर त्याला सुरतचा प्रत्येक रस्ता माहीत असायची गरज नाही. शहाद्याकडची गाडी इकडे, गुजरातची तिकडे, एवढं कळलं की बास. पुढचा स्टँड पुढचं बघेल. इंटरनेट असंच चालतं. पूर्ण वाट कुणालाच पाठ नसते.

हल्ली हे सगळं एकाच डब्यात भरून देतात, म्हणून गोंधळ जास्त.

४. एका गावात एका पत्त्याची दोन घरं असली की टपाल चुकतं

प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. माझ्या दुकानात ते १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे आहेत. हे पत्ते घरगुती. तुमच्या घरातही अगदी हेच असतील आणि काही बिघडणार नाही. जशी प्रत्येक गावात एक 'वरची गल्ली' असते. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता वेगळा, तो कंपनी देते.

हे पत्ते वाटायचं काम राउटर करतो. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. नवं यंत्र आलं की मोकळा पत्ता बघून टोकन द्यायचं, मुदत संपली की परत घ्यायचं. मी एकदा शहाणपणा करून प्रिंटरला हाताने कायमचा पत्ता देऊन टाकला आणि राउटरला सांगितलंच नाही. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाच्या मोबाइलला राउटरने नेमका तोच पत्ता दिला. तो माणूस दुकानात आला की छपाई बंद, गेला की चालू. मी आठवडाभर त्याच्याकडे संशयाने बघत होतो!

या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जगातली माणसं आणि फोन बघा, पुरणार कसे? वाटपाचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच संपले. नवी, कितीतरी लांब पत्त्यांची आयपीव्ही६ पद्धत आली आहे. पण बऱ्याच ठिकाणी अजून एका बाहेरच्या पत्त्याआड शेकडो गिऱ्हाइकं बसवलेली असतात. एखादी साइट तुम्हाला उगाच "तुम्ही यंत्रमानव नाही ना" म्हणून चित्रांतले सिग्नल ओळखायला लावते, त्याचं एक कारण हेच. तिला एकाच दारातून शंभर जण येताना दिसतात.

५. नाव आपल्यासाठी, आकडा यंत्रासाठी

आपण साइटचं नाव टाकतो, यंत्राला आकडा हवा असतो. नावावरून आकडा सांगणारी जी व्यवस्था आहे ती डीएनएस. सुरुवातीला जगभरच्या संगणकांची नावं अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत एकाच यादीत ठेवायचे आणि सगळे ती उतरवून घ्यायचे. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ती वाटून टाकायची रीत मांडली. आपापल्या नावांची वही ज्याने त्याने सांभाळायची, आणि कोणती वही कुणाकडे ते वरच्याला ठाऊक. ऑगस्ट २०१४ पासून शेवटी '.भारत' असलेली देवनागरी नावंही घेता येतात. आतल्या आत मात्र ती रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच फिरतात.

डीएनएस बिघडलं की गंमत होते. नेट असतं, पण नाव टाकून काही उघडत नाही. मी तेव्हा ८.८.८.८ या आकडी पत्त्याला पिंग करतो, म्हणजे नुसती हाक मारून उत्तर येतं का बघतो. तिकडून उत्तर आलं, पण नावाला आलं नाही, तर दोष डीएनएसचा. राउटरमध्ये दुसरं डीएनएस घातलं की काम सुरू.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले, ते जवळजवळ सहा तास. सकाळी माझ्या दुकानाबाहेर दोघे-तिघे फोन दुरुस्तीला घेऊन उभे होते, एकाने तर रात्रीतून फोन फॉरमॅट करून टाकला होता. झालं होतं असं, देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीची आतली जोडणी तुटली आणि तिच्या डीएनएस सर्व्हरनी 'आमच्याकडे यायची वाट ही' अशी जी दवंडी जगाला द्यायची असते ती मागे घेतली. सर्व्हर जागेवर धडधाकट होते. गावाची पाटीच निघाली होती.

६. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा

पान उघडलं नाही की लोक खिडकी बंद करतात. मीही करायचो. तिथला आकडा वाचायला लागलो आणि निम्मं काम सोपं झालं. पंगतीतच सांगतो.

४०४: वाढपी आला, ऐकलं आणि म्हणाला, "हा पदार्थ आज केलेलाच नाही." म्हणजे सर्व्हर उत्तम चालू आहे! पत्ता टाकण्यात चूक आहे किंवा ते पान काढून टाकलंय. ४०४ दिसल्यावर "सर्व्हर डाऊन" म्हणणं म्हणजे समोर उभ्या माणसाला मेला म्हणणं.

४०३: "पदार्थ आहे, पण तुम्हाला वाढायची परवानगी नाही."

५००: स्वयंपाकघरात काही तरी सांडलंय. आपली चूक नाही, थांबा.

५०३: "आहे, पण आता फार गर्दी आहे, नंतर या." शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला हा हमखास भेटतो. लाखभर पोरं एकाच दुपारी एकच बटण दाबत असतात. मोठ्या ठिकाणी असे अनेक सर्व्हर मागे ठेवतात आणि पुढे एक मुकादम उभा करतात, आलेल्याला मोकळ्या वाढप्याकडे धाडायला. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. पण वाढपी दहा आणि पानं दहा हजार असली की मुकादम काय करणार? मी अशा दिवशी पहाटे पाचला दुकान उघडतो. तेव्हा तीच साइट लोण्यासारखी चालते.

५०४: मधल्या माणसाने आत निरोप दिला, आतून वेळेत उत्तर आलं नाही.

७. रस्त्याची रुंदी वेगळी, गावाचं अंतर वेगळं

महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगरा मातेच्या यात्रेला आमच्या भागातून माणसांचा पूर जातो. सागबारा तालुक्यातलं हे ठाणं खापरहून जवळच. तिथे फोनवर दांड्या पूर्ण असतात, पण साधा फोटो जात नाही. काठीच्या राजवाडी होळीच्या रात्रीही तसंच. टॉवर बिघडलेला नसतो. त्याच्याकडे जेवढी वाट आहे ती हजारो फोनांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुतळीएवढी येते. ती वाट म्हणजे बँडविड्थ.

लेटन्सी निराळी. रस्ता आठपदरी असला तरी मुंबई मुंबईच्याच अंतरावर राहते. काचेच्या तारेत उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेतला सर्व्हर १३ हजार किलोमीटरवर धरला तर नुसतं जाऊन यायलाच सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो, वरचे टप्पे वेगळे. डोंगरात तार पोचत नाही तिथे कार्यालयांना छत्रीवाली उपग्रहाची जोडणी देतात. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर. प्रश्न वर जाणार, खाली येणार, उत्तर तसंच परत येणार. अर्धा सेकंद गेला. सातबाऱ्याला चालतं, फोनवर बोलताना मात्र दोघं एकदम बोलतात आणि मग दोघंही थांबतात.

हा वेळ मोजायचं साधन ते पिंग. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी ते लिहिलं आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव दिलं.

आता एक भांडण मिटवतो. कॉलेजची पोरं येऊन म्हणतात, "काका, १०० एमबीपीएसचा प्लॅन आणि डाउनलोड १२ नेच होतंय, फसवलं." फसवलेलं नाही. प्लॅन बिटांत सांगतात, फाइल बाइटांत मोजतात, आणि एका बाइटात आठ बिट. १०० भागिले ८, साडेबारा. पावशेर आणि शेर यांतला फरक आपल्या आजीला बरोबर कळायचा.

८. माल पोत्यांनी जातो

नंदुरबारच्या बाजारात मिरची येते ती काही एका अखंड ढिगाने येत नाही. पोती भरून, मिळेल त्या गाडीने येते. नेटवरही तसंच. दोन एमबीचा फोटो जाताना त्याची साधारण दीड-दीड हजार बाइटांची चौदाशेच्या आसपास पोती होतात. ही पॅकेटं. प्रत्येकावर कुठून, कुठे आणि कितवं ते लिहिलेलं. वाटेत ती वेगवेगळ्या रस्त्यांनीही जाऊ शकतात, पलीकडे क्रम लावून पुन्हा फोटो होतो.

एखादं पोतं हरवलं तर? टीसीपी नावाची शिस्त आहे, ती म्हणते, "७१२ नंबरचं आलं नाही, पुन्हा पाठवा." दाखल्याच्या पीडीएफला हेच हवं. यूडीपीची शिस्त दुसरी: गेलं ते गेलं, पुढचं पाठवा. व्हिडिओ कॉलला ती बरी, कारण दोन सेकंदांपूर्वीचा हरवलेला शब्द आता येऊन उपयोग काय? म्हणून कॉलवर मामांचा आवाज मधेच खरखरतो, पण दाखल्यातलं आडनाव कधी अर्धं येत नाही.

९. टॉवरला राज्याची हद्द कळत नाही

खापर गुजरातच्या सीमेलगत. दुकानाच्या पुढच्या बाजूला फोन महाराष्ट्राचा, मागच्या खोलीत गुजरातचा, असे दिवस मी काढलेत. फोन जवळचा नव्हे, ज्याचा आवाज मोठा तो टॉवर पकडतो. डोंगराच्या एका वळणाने टॉवर बदलतो. पूर्वी त्याचे पैसे लागायचे. मागच्या खोलीत जाऊन बोललं की रोमिंग! आता तो त्रास गेला, पण साइट अजून चुकतात. आयपीवरून जागेचा अंदाज बांधतात आणि आम्हाला गुजरातीत जाहिराती दाखवतात. आमचं काही बिघडत नाही, निम्म्या गावाला गुजराती येतंच.

१०. एकाच इमारतीत अनेक दारं

पत्ता इमारतीचा, पोर्ट दाराचा. साध्या साइटसाठी ८० नंबरचं दार, कुलपाच्या साइटसाठी ४४३. फायरवॉल म्हणजे कोणत्या दारातून कुणाला सोडायचं ते बघणारा रखवालदार. मी दुकानातला कॅमेरा घरून दिसावा म्हणून एक दार उघडं टाकलं आणि पासवर्ड डब्यावर छापलेलाच ठेवला. पंधरा दिवसांनी कॅमेरा आपोआप भिंतीकडे वळू लागला. जास्त बोलत नाही.

११. अंगठ्याचा दोष सर्व्हरवर टाकू नका

देशातलं पहिलं आधार आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. तेव्हापासून आमच्या जिल्ह्याने अंगठा लावण्यात बरंच काही पाहिलंय. यंत्रावर बोट ठेवलं की त्या खुणा कुलूपबंद होऊन दूरच्या सर्व्हरकडे जातात आणि तिथून फक्त होय किंवा नाही येतं. 'नाही' आलं, याचा अर्थ वाट उघडी आहे, सर्व्हर जागा आहे, उत्तरही आलंय. झिजलेत ते बोटावरचे ठसे. ऊसतोडीहून आलेल्या माणसाला "सर्व्हर नाही, उद्या या" सांगितलं तर उद्याही तेच होणार. बोट धुऊन पुसून बघा, दुसरं बोट बघा, डोळ्याची बुबुळं घेणारं यंत्र असेल तर ते बघा. उत्तरच आलं नाही आणि चक्र फिरत राहिलं, तर गोष्ट वेगळी. मग क्रमांक २ कडे जा.

१२. ढगालाही जमीन लागते

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला सर्व्हर, भाड्याने. आपल्या राज्यात नवी मुंबईत आणि पुण्यात अशा मोठ्या इमारती आहेत. केंद्र सरकारच्या क्लाउडचं नाव 'मेघराज' आहे, ते मला आवडतं. परदेशची वाट उपग्रहाने जाते असं बहुतेकांना वाटतं. ती जाते समुद्राच्या तळावरच्या तारांनी, आणि त्यांतल्या बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन लागतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि इथलं नेट रखडलं. माझ्या कपाटामागची ती बोटभर तार आणि ही, जात एकच.

मोलगीकडचे ते बाबा अजून येतात. त्यांना मी 'सर्व्हर कुठे बसतो' याचं उत्तर दिलं: एक मुंबईकडे, एक दिल्लीला, आणि एक इथे कोपऱ्यात, बघा. त्या धुळकट डब्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हा तर बसलेलाच आहे." आता आले की बाकावर टेकायच्या आधी राउटरच्या दिव्यांकडे बघतात. लाल असला तर मला न विचारता समोर चहाला जातात.

दाराला पूर्वी पुठ्ठा टांगलेला असायचा, 'सर्व्हर डाऊन'. आता काळी फळी आहे, तिच्यावर तीन ओळी: वीज, तार, साइट. जी अडली असेल तिच्यापुढे खडूने फुली मारतो आणि किती वाजता मारली ते लिहितो. काल तिसऱ्या ओळीपुढे होती, सकाळी ११:१० ची. दुपारी अडीचला पुसली.